रोठा लागलेले काजूचे ओंडके मृगाआधी फोडा

काजू बी गोळा करायचं काम आटोपत आलं आहे. बागेत रोठ्याने, म्हणजे खोड आणि मुळं पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, पिवळं पडून वाळलेलं झाड असेल तर ते याच पंधरवड्यात मुळासकट काढा, आठ दिवसांत फोडा आणि फाटी, म्हणजे फोडलेलं सरपण, बागेबाहेर न्या. वळीव केव्हाही कोसळेल. एकदा मृग लागला की लावणीची घाई सुरू होते आणि राहिलेला ओंडका दिवाळीपर्यंत तसाच पडून राहतो.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि वर आजरा-चंदगडपर्यंत काजूच्या बागा एकाच चुकीने जाताना दिसतात. रोठ्याने मेलेलं झाड तोडलं जातं. बारीक फांद्या चुलीत जातात, कारण त्या कोयत्याने तुटतात. बुंध्याचा जाड, गाठाळ ओंडका मात्र फुटत नाही म्हणून गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, लोटून ठेवतात. झाड तोडलं म्हणजे कीड संपली, असा समज असतो. रोठा त्या ओंडक्यात जिवंतच असतो. तो आतलं लाकूड पोखरत राहतो, चुन्यासारखा पांढरा टणक कोष करतो, त्यातून तांबूस-तपकिरी भुंगेरा होऊन बाहेर पडतो आणि शेजारच्या धडधाकट झाडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो. मग गडग्यालगतची झाडं एकामागून एक पिवळी पडायला लागतात आणि बागाईतदार दुकानात औषध विचारायला जातो.

ओंडका का फुटत नाही? बहुतेक घरी कुऱ्हाड बोथट असते, दांडा हलत असतो आणि पाचर नसतेच. म्हणून या वेळचा सल्ला फवारणीपेक्षा हत्यारांवर जास्त आहे.

कोणतं झाड काढायचं

बुंध्याच्या खालच्या हातभर भागात आणि उघड्या मुळांवर बघा. डिंकात मिसळलेला लाकडाचा भुसा दिसला की रोठा आहे. भुसा बोटांत चुरगळा. ओलसर आणि आंबूस वासाचा असेल तर आतली कीड चालू आहे. कोरडा, काळपट असेल तर जुनी, हा बागाईतदारांचा अंदाज सहसा खरा ठरतो. सकाळच्या शांत वेळी बुंध्याला कान लावला तर कुरतडल्याचा आवाजही येतो.

पानं हिरवी आहेत आणि साल थोडीच खराब झाली आहे, असं झाड वाचतं. १५ मिलिमीटर रुंदीच्या पटाशीने पोखरलेली साल काढा, तारेच्या हुकाने रोठा ओढून मारा आणि तो भाग क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, १० मिली प्रति लिटर पाणी, या द्रावणाने भिजवा. बुंध्याची निम्म्याहून जास्त साल चारी बाजूंनी गेली असेल किंवा पानं पिवळी पडून गळत असतील, तर त्या झाडावर पैसा घालू नका. ते सरपणाचं झालं.

हत्यारं: किती आणि कसली

एका कुऱ्हाडीत सगळं भागवायला गेलं की कुऱ्हाडही जाते आणि कामही राहतं. घरात एवढं असावं:

- आडवी तोड करायला पातळ पात्याची कुऱ्हाड, पातं सव्वा ते दीड किलो
- फोडायला जाड, पाचरीच्या अंगाची कुऱ्हाड, पातं दोन ते अडीच किलो
- लोखंडी पाचरी दोन, प्रत्येकी दीड-दोन किलो
- घण, तीन-चार किलोचा
- मनगटाएवढ्या फांद्यांसाठी आकडी कोयता
- मुळं उघडी करायला कुदळ आणि पहार
- कानस आणि निसणा (धार लावायचा दगड)

लोखंडी पाचर एकच असेल तर ती गाठीत रुतते आणि सोडवता येत नाही. दुसरी तिच्या पुढे त्याच चिरेत ठोकली की पहिली आपोआप सैल होते. म्हणून दोन लागतातच.

बाजारात रंग दिलेली चकचकीत कुऱ्हाड पुढे केली जाते. रंगाखाली ओतीव कामाची चीर लपते. पातं दोरीला टांगून किल्लीने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर घ्या. भद्द आवाज आला तर आत चीर आहे, ठेवून द्या. गाडीच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचं पातं गावच्या लोहाराकडून करून घेतलंत तर ते पिढीभर टिकतं. पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, बरोबर आहे का हे कानसेने कळतं. कानस नुसती घसरली तर धार फार कडक आहे, गाठीवर तिचा तुकडा उडेल. लोण्यासारखी रुतली तर मऊ आहे, दोन घावांत वळेल. कानसेने पात्यावर हलकी पकड घेतली पाहिजे.

महागड्या फायबर दांड्याच्या कुऱ्हाडीची गरज नाही. तो दांडा तुटला की गावात बसवून मिळत नाही. धामण, धावडा किंवा बाभळीचा दांडा बांधावर मिळतो.

दांडा

जीव जातो तो इथे. निसटलेलं पातं समोरच्याच्या अंगावर जातं.

दांड्याचं लाकूड सावलीत किमान सहा महिने वाळलेलं हवं. करवतीने कापलेल्या फळीपेक्षा चिरफळी काढून तासलेला दांडा बळकट, कारण त्यातल्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. टोकाकडून बघा: लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने धावायला हव्यात. आडव्या असतील तर दांडा मानेशी तुटतो. लांबी ७० ते ९० सेंटिमीटर. फोडायच्या कुऱ्हाडीला लांब, तोडायच्या कुऱ्हाडीला जरा आखूड. वर रंग किंवा व्हार्निश नको, हात घसरतो आणि फोड येतात. वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळा.

दांडा नेहमी उन्हाळ्यात बसवा. पावसाळ्यात बसवलेला दांडा ओल धरलेला असतो. एप्रिलमध्ये तो आकसतो आणि नेमका तोडीच्या दिवसांत पातं हलायला लागतं. उन्हाळ्यात बसवलेला पावसात फुगून आणखी घट्ट होतो.

आणि ढिली कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची सवय सोडा. पाण्याने लाकूड फुगतं, पण नेढ्याच्या, म्हणजे पात्यातल्या दांड्याच्या भोकाच्या, लोखंडात त्याला फुगायला जागा नसते, म्हणून आतले तंतू चेपतात. दोन दिवसांनी वाळलं की ते चेपलेलं लाकूड आधीपेक्षा बारीक होतं आणि पातं जास्त ढिलं. कामावर जायच्या सकाळी घट्ट वाटलेली कुऱ्हाड दुपारी निसटते ती यामुळे. बरोबर उपाय असा: जुनी पाचर काढा, पातं दांड्यावर खाली बसवा, दांड्याच्या डोक्यात कोरड्या कठीण लाकडाची पाचर ठोका, वर राहिलेलं लाकूड अर्धा सेंटिमीटर सोडून कापा. नुसते खिळे ठोकू नका, खिळ्याने दांडा चिरतो.

धार

फोडायच्या कुऱ्हाडीला वस्तऱ्यासारखी धार लागत नाही. तिची धार जाडसर, पोटाला फुगीर हवी, कोन साधारण ३० ते ३५ अंश. फार पातळ केली तर ती लाकडात रुतून बसते, फाकवत नाही. आडव्या तोडीची कुऱ्हाड २० ते २५ अंशांची.

पातं घट्ट अडकवा. कानस धारेकडून आत ढकला, दोन्ही बाजूंना सारखे दहा-बारा हात. मग निसण्यावर पाणी टाकून गोल गोल फिरवा. एका बाजूला बोटाला खरखरीत कंगोरा लागला की बाजू बदला; कंगोरा गेला की झालं. बाजारातल्या विजेच्या चक्रावर देत असाल तर शेजारी उभे राहा. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. ती कुऱ्हाड पुन्हा लोहाराकडे नेऊन शेवटून, म्हणजे तापवून नव्याने पाणी देऊन, घ्यावी लागते.

काजूच्या मुळांवर चांगली कुऱ्हाड चालवू नका. जांभ्या दगडाच्या मातीत एका घावात धार जाते. आधी कुदळीने माती मोकळी करा, मुळं झाडून स्वच्छ करा, पहारीने उचला, मग जुन्या कुऱ्हाडीने तोडा. मुळं जमिनीत सोडू नका. रोठ्याचे कोष बहुतेक वेळा तिथेच असतात, आणि वरचं खोड काढून मूळ ठेवणं म्हणजे निम्मं काम सोडून देणं.

फोडताना

काजूचं खोड बुटकं, वाकडं आणि गाठींचं. म्हणून ओंडक्याची लांबी ३० ते ३५ सेंटिमीटरच ठेवा. आंब्या-फणसाचे सरळ ओंडके ४५ सेंटिमीटरचे चालतात. ओला काजू सुक्यापेक्षा सोपा फुटतो, त्यामुळे "वाळू दे, मग फोडू" हे इथे दोन्हीकडून नुकसानीचं आहे: लाकूड चिवट होतं आणि रोठ्याला वेळ मिळतो.

खाली रुंद ठोकळा घ्या, गुडघ्यापेक्षा खालचा. दगडावर किंवा नुसत्या जमिनीवर फोडू नका. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करा, म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतेल, पायावर येणार नाही. पाय खांद्याएवढे फाकवून समोरासमोर ठेवा. घाव खाली येताना गुडघ्यात वाका. ताठ उभं राहिलात तर कुऱ्हाड गोल फिरून नडगीकडे येते.

पहिला घाव मध्यभागी मारायची घाई करू नका. ओंडक्याच्या तोंडावर आधीच पडलेली चीर शोधा आणि तिच्यातच घाला. जाड बुंधा कडेकडेने सोलल्यासारखा फोडत आत या. गाठ असेल तर चीर गाठीच्या मधोमध घ्या, तिला वळसा घालायचा प्रयत्न फुकट जातो. दोन-तीन घावांत हललं नाही तर पाचर आणि घण घ्या. कुऱ्हाड रुतली म्हणून तिच्या पाठीवर घण घालू नका. नेढं फाकतं, दांडा पुन्हा कधीच घट्ट बसत नाही आणि लोखंडाची कपची उडते. पाचरीच्या डोक्याला घणाने कमळासारख्या पाकळ्या आल्या असतील तर त्या आधी घासून काढा. डोळा जातो तो त्याच पाकळीने. साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावा. बघणारी पोरं दहा-बारा हात लांब.

फाटी मनगटाएवढी करा, पाच ते आठ सेंटिमीटर. हे फक्त चुलीसाठी नाही. जाड चिरफळीत बोगदा आत राहून जातो. फोडलेल्या प्रत्येक तुकड्याचा बोगदा टोकापर्यंत बघा. भुसा गच्च भरलेला असेल तर तार घाला. पांढरा कोष दिसला तर फोडा. झाडाला औषध घातलेलं नसेल तर हे काम खळ्यात करा, कोंबड्या रोठे वेचून नेतात. क्लोरपायरीफॉस घातलेल्या बुंध्याचे रोठे कोंबड्यांना देऊ नका आणि ती साल स्वयंपाकाच्या चुलीतही घालू नका.

दुकानातल्या बाटलीबद्दल

मेलेल्या ओंडक्यावर मारायला औषध मागू नका आणि कोणी दिलं तर घेऊ नका. फवारा सालीवर राहतो, रोठा बोटभर आत असतो. बुंध्यात ओतायचे टॉनिक आणि "खोडकिडीचा किट" म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडबाटल्या यांचीही तीच गत. भोकात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोंबायचा सल्ला तर कानावरही घेऊ नका. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो, आणि हे लाकूड घराच्या पडवीत येणार आहे.

शेजारच्या चांगल्या झाडांसाठी ५ टक्के निंबोळी तेल, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० मिली आणि थोडा साबण, एवढं बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना चोळा.

रास

- जमिनीपासून वीतभर उंच, जांभ्या चिऱ्यांवर, नाहीतर वाळवी
- सालीची बाजू वर
- वर झापं (विणलेल्या झावळ्या) किंवा पत्रा, बाजू मोकळ्या; प्लॅस्टिकने गुंडाळू नका
- नैर्ऋत्येची झड लागेल ती बाजू भिंतीकडे
- बागेपासून लांब, पडवीत किंवा मांगरात (शेतावरच्या खोपटात)
- दोन फाटी एकमेकांवर आपटा. टणटण वाजली तर वाळली, धप् आवाज आला तर अजून ऊन द्या

या पंधरवड्यातली बाकीची कामं: बी उन्हात वाळवणं, पडलेली बोंडं वेचणं, नव्या लागवडीचे खड्डे, चर साफ करणं, वाळक्या फांद्यांची छाटणी.

काजू अनुसूचित झाडांत येत नाही. पण त्याच वेळी आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर किंवा जांभूळ तोडणार असाल, तर महाराष्ट्र झाडतोड (विनियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे आधी परवानगी लागते. अर्ज आजच द्या, कारण परवानगी येईपर्यंत वळीव येऊन जाईल. तोवर गडग्याला लोटलेला गेल्या वर्षीचा ओंडका बघून या. त्याच्या सालीवर बोटाएवढी लांबट गोल भोकं दिसली तर त्यातले भुंगेरे गेले आहेत, आणि त्याच्या आसपासच्या प्रत्येक झाडाचा बुंधा आजच बसून तपासायला हवा.