पेशवे दफ्तरात घराण्याचा शोध घ्यायला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ जे पुराभिलेखागार आहे त्याला आपण सगळे पेशवे दफ्तर म्हणतो, आणि वंशावळ शोधायची हौस लागली की प्रत्येकाला कधी ना कधी तिथे जावंसं वाटतंच. जावंच. पण बरेच जण सुट्टी काढून, लांबून प्रवास करून येतात आणि दुपारपर्यंत निराश होऊन बाहेर पडतात, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं कारण त्यांचा कागद तिथे असूही शकतो, फक्त विचारायची पद्धत चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडनाव घेऊन जाणं. "आमचं आडनाव अमुक, आमच्या घराण्याचे कागद दाखवा." असं तिथे काही लावलेलंच नाहीये हो. हे दफ्तर घराण्यांसाठी नाही, सरकारच्या कामकाजासाठी जमलेलं आहे. रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत, प्रांताच्या वसुलीचे अंदाज प्रांत अजमासात, घोडदळाचे हिशेब पागा आणि पथकांत, असे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. तुमचा पूर्वज त्यात सापडतो तो सरकारशी त्याचा संबंध आला म्हणून, पाटीलकीचा वाद झाला, इनाम मिळालं, पथकात घोडा घेऊन चाकरीला होता, सारा थकला. म्हणून प्रश्न असा तयार करून न्यायचा की कुठलं गाव, कुठला हुद्दा किंवा वतन (वंशपरंपरेने चालणारा हक्क), आणि साधारण कुठली वर्षं. ही तीन उत्तरं असतील तर तिथली माणसं तुम्हाला योग्य यादीपर्यंत नेऊ शकतात, नुसत्या आडनावावर कोणीच काही करू शकत नाही.

शिवाय जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच. "संताजी बिन राणोजी, मोकदम मौजे अमुक" अशी नोंद असते, मोकदम म्हणजे पाटील, बिन म्हणजे मुलगा, बाई असेल तर "जानकी कोम रामजी", कोम म्हणजे बायको. कधी बिनच्या जागी वलद. आज तुमचं आडनाव गावावरून पडलेलं असेल तर त्या काळात ते लोक पाटील, कुलकर्णी, चौगुला एवढ्याच ओळखीने लिहिले गेले असतील, त्यामुळे आडनाव दिसलं नाही म्हणून रुमाल बाजूला सारू नका.

गावाचंही तसंच. पिंपळगाव, वडगाव, निमगाव किती आहेत ते सांगायला नको, आणि आजचा तालुका जिल्हा त्या कागदांना माहीत नाही. तिथे मौजे म्हणजे गाव, मग तर्फ किंवा कर्यात, मग परगणा, मग प्रांत अशी उतरंड असते. आपलं गाव कुठल्या तर्फेत होतं, बुद्रुक की खुर्द, हे घरूनच शोधून ठेवा. गावातला जुना सनदेचा कागद, देवस्थानच्या इनामाचे कागद, कोणाकडे तरी ठेवलेला छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या माहितीचं पुस्तक, यात ते बऱ्याचदा मिळून जातं.

दुसरी चूक, मधल्या पिढ्या सोडून थेट पेशवाईत उडी. आजोबांच्या वडिलांचं नाव माहीत आहे आणि शोध १७६० चा, मग एखादा राणोजी सापडला तरी तो तुमचाच कशावरून? पिढी २५-३० वर्षांची धरली तर आजपासून मागे १८१८ पर्यंत, म्हणजे पेशवाई संपली तिथपर्यंतच, सात-आठ पिढ्या होतात. ही मधली फळी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि भूमी अभिलेखमध्ये आहे, वारसाचे जुने फेरफार म्हणजे जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदी, जमिनीच्या जुन्या नोंदींचं कडई पत्रक, आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचं कोतवाल बुक. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार सरकारने स्कॅन करून ऑनलाइनही टाकलेत. ज्यांच्याकडे जमीन वतन काहीच नव्हतं त्यांच्यासाठी तर कोतवाल बुक फारच महत्त्वाचं, आणि महार वतनासारख्या नोंदी गावच्या इनाम रजिस्टरात असतात त्याही नक्की बघा, आमचं काही सापडणारच नाही असं आधीच ठरवू नका. शिवाय त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज जाऊन आले असतील तर स्वतःच्या तोंडाने सांगितलेली नावं मिळतात. हे सगळं पुण्याच्या आधी.

आणि मुळात दफ्तर बरोबर निवडलंय का? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, तिथले बरेच कागद हैदराबादला आहेत. कोल्हापूर संस्थानचं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, नागपूरकर भोसल्यांच्या मुलखासाठी नागपूर, गोव्यासाठी पणजी, तिथे पोर्तुगीज लागेल. साताऱ्याच्या महाराजांचं दफ्तर मात्र पुण्यातच आहे.

आता मोडी, म्हणजे हे कागद ज्या जुन्या लिपीत लिहिलेत ती. "तिथे कोणीतरी वाचून देईल" या भरवशावर जाऊ नका, कर्मचारी रुमाल काढून देतात, प्रत्येकाचा कागद वाचत बसणं हे त्यांचं काम नाही. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचता येतं असं होत नाही, सराव लागतो, आणि पेशवेकालीन वळण आणि इंग्रजी अमलातलं वळण वेगळं दिसतं. निदान आपल्या गावाचं नाव, बिन, कोम, मौजे, पाटील, कुलकर्णी आणि मोडी आकडे हे झटकन ओळखता येतील इतकं शिकून जा, म्हणजे कामाचा कागद कुठला ते तरी कळेल आणि पूर्ण वाचनासाठी तो जाणकाराला दाखवता येईल.

तारखांवर जरा जास्त बोलतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. कागदावर असतं "सन सलास सबैन मया व अलफ". ही अरबी आकड्यांची नावं, सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या कागदांतली एक कालगणना) ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२, आणि हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवून १७७३. फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलेली दुसरी कालगणना, असेल तर मात्र ५९० किंवा ५९१, शक असेल तर ७८ किंवा ७९. शुहूरला फसली समजलात की सरळ नऊ वर्षांचा फरक पडतो आणि बापाचा कागद मुलाच्या नावावर जातो. तिथी सुद्धा "छ १५ जिल्हेज" अशी मुसलमानी महिन्यातली असते, छ म्हणजे चंद्र. सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता लिहून न्या, आणि नोंद करताना मूळ सन जसाच्या तसा उतरवा, इसवी सन शेजारी वेगळा.

समजा नशिबाने तयार वंशावळच सापडली. आनंद होणारच! पण ती कोणी आणि कशासाठी दिली ते आधी बघा. १८५२ च्या कायद्याने इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने वतनदारांना हक्क सिद्ध करायला लावले, तेव्हा कैफियती, म्हणजे आपली बाजू मांडणारी लेखी निवेदनं, आणि वंशावळी भरपूर दाखल झाल्या. म्हणजे ती वंशावळ हा एका बाजूचा दावा आहे, त्यात भांडणातली चुलत शाखा गाळलेली असू शकते, दत्तक हा औरस म्हणून दाखवलेला असू शकतो, आणि मुली तर जवळपास नसतातच. भाऊबंदांनी दिलेली दुसरी कैफियत मिळते का बघा, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय घरच्या झाडावर काही चढवू नका.

प्रत्यक्ष जायच्या दिवसाचं थोडक्यात. सरकारी कार्यालय आहे, शनिवार रविवार बंद, सरकारी सुट्ट्या बघा, आणि आधी फोन करून हवा तो विभाग सध्या बघायला मिळतोय का विचारा. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज लागतो. अर्जात "कौटुंबिक माहिती" इतकं मोघम लिहू नका, गाव, परगणा, काळ लिहा. विचारल्याशिवाय मोबाईलने फोटो काढू नका, प्रतींचे नियम तिथेच कळतील. एका दिवसात काम आटोपेल असं धरू नका, पहिला अर्धा दिवस याद्या बघण्यातच जातो आणि तो वाया गेला असं अजिबात नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी याच दफ्तरातले कागद निवडून १९३० ते ३४ मध्ये छापलेले ४५ खंड आधी चाळले असतील तर हा वेळ बराच वाचतो.

कागद हाताळताना थुंकी लावून पान उलटायचं नाही, पेन लांब, पेन्सिल जवळ, आणि रुमालातला क्रम मोडायचा नाही, कारण एक कागद भलत्या पुडक्यात गेला की पुढच्या माणसासाठी तो हरवल्यातच जमा. आणि प्रत्येक टिपणाच्या वर विभाग, रुमाल नंबर, पुडकं नंबर लिहा, ज्यात काहीच मिळालं नाही त्या रुमालाचाही नंबर लिहा, पुढच्या खेपेला तोच परत मागवला जाणार नाही.