खालची खाज जात नसेल तर आधी कुणाला तरी नीट बघू द्या

मला तीन वर्षं खाज होती. त्या तीन वर्षांत दोन डॉक्टर झाले, लघवीची तपासणी दोनदा, शुगर एकदा, स्वॅब एकदा, फंगलच्या गोळ्या किती खाल्ल्या त्याचा हिशोब नाही, आणि एवढं सगळं होऊन ती जागा एकाही माणसाने नीट उजेडात बघितली नाही. मी स्वतःसुद्धा नाही. सांगायचं कसं म्हणून मी "जरा खाली खाज येते" एवढंच पुटपुटायचे आणि समोरून "स्वच्छता ठेवा" असं ऐकून चिठ्ठी घेऊन बाहेर यायचे. मग काय, दिवसातून तीनदा साबणाने धुवायला लागले, पाण्यात डेटॉल टाकायला लागले, आणि ते आणखीनच भडकलं.

शेवटी निघालं ते लायकेन स्क्लेरोसस. इन्फेक्शन नाही, कातडीचा आजार आहे. जुन्या रिपोर्टवर कधी कधी एलएसए लिहिलेलं असतं, ते हेच. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या जागेच्या कातडीवर उलटते असं मानतात, का ते पक्कं कुणालाच माहीत नाही, पण ज्यांना थायरॉइड किंवा कोड आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. पाळी जायच्या सुमाराला आणि नंतर जास्त, पण पाळी न आलेल्या लहान मुलींनाही होतं आणि मधल्या वयातही होऊ शकतं. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही, अस्वच्छपणाने तर अजिबातच होत नाही.

ओळखायचं कसं? माझी खाज रात्रीची. दिवसभर कामात कळायचं नाही, आडवं झालं की सुरू, झोपेत खाजवून सकाळी नखात रक्त. लघवी लागली की चरचर, संडासला बसताना मागच्या बाजूला चीर पडल्यासारखं. पांढरं जाणं नाही, वास नाही, आणि हाच मोठा क्लू होता जो सगळ्यांकडून सुटला. फंगलमध्ये बहुतेक वेळा दह्यासारखं पांढरं जातं. (शुगरवाल्यांनी मात्र शुगर तपासूनच घ्या, आणि हल्ली डायबेटिसला डापाग्लिफ्लोझिन वगैरे ज्या गोळ्या देतात त्यांच्यामुळे लघवीतून साखर जाते आणि खरंखुरं फंगल वारंवार होतं, तर गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.)

दुसरा क्लू म्हणजे मेडिकलवाल्याकडचं मलम. "दादा, खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की तो कागदात गुंडाळून जी ट्यूब देतो, त्यात बऱ्याचदा फंगलचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड सगळं एकत्र कालवलेलं असतं. ते लावलं की मला चार दिवसांत आराम, सोडलं की आठवड्यात परत तेच. मला वाटायचं फंगस हट्टी आहे. आराम त्यातल्या स्टिरॉइडने पडत होता, फंगस नव्हतंच. आणि समजा खरंच फंगस असतं तर त्याच स्टिरॉइडने ते आतल्या आत पसरलं असतं, म्हणजे दोन्हीकडून मरण. लावायच्या स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, काउंटरवर काय चालतं ते आपल्याला माहीतच आहे.

आता आरसा. हातातला छोटा आरसा घ्या, बाथरूमची कडी लावा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि बघा. मला त्रेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा हे करताना इतकं अवघडल्यासारखं झालं की टॉर्च बंद करून परत लावला. बघायचं काय तर कातडी पांढरट आणि चकचकीत झालीये का, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ आणि सुरकुतलेली वाटतेय का, त्यात खाजवून आलेले लाल-जांभळे ठिपके किंवा चिरा आहेत का. कधी कधी हा पांढरा भाग पुढून मागे संडासच्या जागेपर्यंत जातो, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. आजार जुना असेल तर आतले ओठ चपटे होत होत बाहेरच्याला चिकटून जातात, क्लिटोरिसवरची कातडी चिकटते, योनीचं तोंड आवळतं. मला पांढरं दिसलं आणि पहिला विचार आला कोड. आपल्याकडे तो शब्द आला की लग्नाच्या मुली मोजायला लागतात, म्हणून मी आणखी दोन महिने गप्प बसले, जो निव्वळ मूर्खपणा होता. कोडात रंग जातो पण कातडी पोताला तशीच राहते आणि सहसा खाजत नाही. अर्थात हे सगळं आरशात बघून पक्कं करायचं नाहीये, डॉक्टरकडे काय बोलायचं ते ठरवायला बघायचंय.

कोणता डॉक्टर? गायनॅककडे जाऊ शकता, पण मला फरक पडला तो स्किनवाल्या डॉक्टरकडे. अडचण अशी की त्यांच्या बोर्डावर "त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ" असं लिहिलेलं असतं आणि त्या बोर्डाखालच्या बाकावर बसायचं म्हणजे ओळखीचं कोण बघेल या भीतीनेच निम्म्या बायका घरी परत जातात. मी चेहऱ्यावरचे वांगाचे डाग दाखवायला आलेय असं मनात ठरवून बसले. पैशांचा प्रश्न असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी असते, केसपेपर काढायचा.

आत गेल्यावर शब्द सुचत नाहीत हे गृहीत धरून घरूनच कागदावर लिहून न्या: कधीपासून, रात्री जास्त का, पांढरं जातं की नाही, संबंधाच्या वेळी दुखतं किंवा फाटतं का, थायरॉइड आहे का, आणि आत्तापर्यंत काय काय लावलं. लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. माझी पिशवी टेबलावर पालथी केली तर नऊ निघाल्या. डॉक्टर मॅडम त्या बघून हसल्या नाहीत याचं मला अजून बरं वाटतं. आणि हे एक वाक्य पाठ करून जा, "औषध नंतर लिहा, आधी एकदा बघा." लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, नसेल तर सिस्टर सोबत असूदे म्हणा, यात लाजण्यासारखं काही नाही.

बघून कळण्यासारखं असेल तर लगेच औषध सुरू करतात. शंका असेल, जाड गाठ किंवा न भरणारी जखम असेल, किंवा औषधाने फरक पडत नसेल तर बायोप्सी. नाव ऐकून मी घाबरले पण तिथेच भूल देऊन मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढतात, भुलीचं इंजेक्शन झोंबतं तेवढंच. दोन दिवस रिक्षात खड्डा आला की आठवण यायची, बस.

औषध म्हणजे परत स्टिरॉइडच, क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, पण एकटं, दुसरं काही न कालवलेलं, आणि शक्यतो क्रीमपेक्षा ऑइंटमेंट कारण ते कमी झोंबतं. इथेच बायका अडकतात, कारण ट्यूबच्या आतल्या कागदावर गुप्तांगाला लावू नये असं छापलेलं असतं, मेडिकलवाला पण भुवया उंचावतो, आणि घरी येऊन आपण ट्यूब कपाटात ठेवून देतो. या आजारात तिथेच लावायचं असतं, डॉक्टरांनी बघून दिलंय तर लावा. मला दिलेली पद्धत सर्रास वापरतात तीच होती: पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. वाटाण्याएवढं घ्यायचं, जिथे पांढरं आहे तिथेच लावायचं, आत नाही, मांडीला नाही. पहिल्यांदा आरशात बघूनच लावा, नाहीतर सगळं केसांना लागतं. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते, त्याच्या आत संपली तर जास्त लावताय आणि वर्षभर पुरली तर लावतच नाही आहात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

मला बारा-तेरा दिवसांत पहिली अखंड झोप लागली. पांढरेपणा हळू कमी झाला, पूर्ण नाही गेला, आणि जे चिकटून गेलं ते परत आलं नाही. म्हणून तर लवकर दाखवायचं. आणि खाज थांबली म्हणून सोडायचं नाही. हे बीपीसारखं आहे, ताब्यात राहतं, जात नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ५०७ बायकांचा अभ्यास छापून आला होता, त्यात सांगितल्याप्रमाणे नियमित औषध लावणाऱ्यांपैकी एकीलाही तिथला कॅन्सर किंवा कॅन्सरच्या आधीची पायरी दिसली नाही आणि टंगळमंगळ करणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना या दोन्हींपैकी काहीतरी निघालं. म्हणजे धोका कमीच आहे, पण आहे.

बाकी रोजचं: साबण बंद, डेटॉल बंद, ती सुगंधी इंटिमेट वॉश बंद, ओले वाइप्स, पावडर, तुरटी आणि कडुलिंबाचं पाणी सगळं बंद. नुसतं कोमट पाणी, टिपून कोरडं, चोळायचं नाही. लघवीने झोंबत असेल तर आधी व्हॅसलीनचा पातळ थर. खोकताना लघवी निसटत असेल तर त्याचाही इलाज करा, ओल्याने हा आजार चिडतो. सुती चड्डी, घट्ट लेगिंग नको. नखं कापलेली. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, चिरा तिथेच पडतात.

नवऱ्याला सांगा. मी सांगितलं नव्हतं, नुसतं टाळत होते, आणि त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. "हे लागट नाही, पण दुखतं आणि फाटतं, बरं होईपर्यंत थांबू, नंतर ल्युब्रिकंट लागेल" एवढं बोलायला मला चहाचे दोन कप लागले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी आजी पण रात्री उठून मोरीत गार पाणी ओतत बसायची, आम्हाला वाटायचं उष्णता आहे. आजीला काय होतं ते आता कसं कळणार, पण काही घरांत हे एकीपेक्षा जास्त बायकांना असतं.

लहान मुलगी सतत खाली खाजवत असेल, संडासला जायला रडत असेल तर जंत म्हणून सोडून देऊ नका, दाखवा. लालसर ठिपके आणि चिरा बघून कधी कधी कुणी मुलीशी काही केलं की काय अशी शंका येते, ती शंका उडवूनही लावायची नाही आणि घाबरून गोंधळही घालायचा नाही, जाणकार डॉक्टरला बघू द्यायचं.

मी आता सहा महिन्यांनी दाखवायला जाते आणि मध्ये महिन्याच्या एक तारखेला, लाईटबिल भरलं की, आरसा आणि टॉर्च. नवी गाठ, जाड खरखरीत चट्टा, रक्त, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जायचं, असं मॅडमनी माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलंय.