‘कॅप्टनची मुलगी’ कशी वाचावी

रशियन लेखक पुश्किनची ही कादंबरी जेमतेम चौदा प्रकरणांची आहे, म्हणून बरेच जण ती एका दमात उरकतात आणि हिमवादळ, बंड, प्रेम एवढंच लक्षात राहतं. चार बैठकी करा: प्रकरण 1-2, 3-5, 6-9 आणि 10-14. तिसरी बैठक मध्येच सोडू नका. किल्ल्यावरचा हल्ला आणि त्यानंतरची रात्र सलग वाचली तरच अंगावर येते.

पहिली अडचण नावांची. रशियन माणसाचं मधलं नाव आपल्यासारखंच वडिलांचं असतं, पण ते हाक मारताना आदरानं जोडतात. म्हणजे प्योत्र आंद्रेयिच, पेत्रुशा आणि ग्रिन्योव हा एकच सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. मार्या इव्हानोव्हना म्हणजेच माशा, कॅप्टन मिरोनोवची मुलगी. सावेलिच हा ग्रिन्योवचा म्हातारा नोकर. त्याला सगळे वडिलांच्या नावानंच हाक मारतात. ही तीन नावं, शिवाय श्वाब्रिन (किल्ल्यावरचा दुसरा अधिकारी) आणि पुगाचोव (बंडाचा म्होरक्या), खुणेच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

मग नकाशा उघडा. सिंबिर्स्क (आजचं उल्यानोव्स्क) आणि ओरेनबुर्ग शोधा. ग्रिन्योवची जिथं नेमणूक होते तो बेलोगोर्स्कचा किल्ला मात्र नकाशात सापडणार नाही, तो पुश्किननं कल्पिलेला आहे. ओरेनबुर्गपासून चाळीस व्हेर्स्ट, म्हणजे साधारण 43 किलोमीटर, याईक नदीच्या काठी. 1775 नंतर त्याच नदीला उरल म्हणू लागले. ‘किल्ला’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो, आणि इथंच वाचन चुकतं. हे ओंडक्यांच्या कुंपणातलं खेडं आहे. बुरूज नाही, खंदक नाही, दाराशी एक जुनी तोफ. स्वतः ग्रिन्योवही बुरूज शोधत राहतो.

काळ 1773चा. झार तिसरा पीटर 1762 मध्ये मेला होता आणि गादीवर त्याची बायको कॅथरिन होती. कादंबरीभर फिरतो तो एक कझाक (सरहद्दीवरच्या घोडेस्वार लढवय्यांपैकी): एमेल्यान पुगाचोव, ‘मीच तो पीटर’ म्हणणारा. याईकचे कझाक आधीच सरकारवर चिडलेले होते, म्हणून त्याला माणसं मिळाली. एवढं माहीत नसेल तर सहाव्या प्रकरणातली कझाकांची कुजबुज आणि सातव्यातला शपथविधी निव्वळ गोंधळ वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सशाच्या कातड्याच्या कोटावर नजर ठेवा. दुसऱ्या प्रकरणात वादळातून वाट दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला ग्रिन्योव तो देऊन टाकतो. कोट पोराच्या मापाचा, माणूस दांडगा. अंगात चढवताना शिवणी उसवतात आणि सावेलिचचा जीव कळवळतो. हा प्रसंग घाईनं ओलांडू नका. आठव्या प्रकरणात कोटाचा पुन्हा उल्लेख येतो, आणि नवव्यात सावेलिच लुटलेल्या सामानाची यादी पुगाचोवपुढे, म्हणजे त्याच अनोळखी माणसापुढे, वाचायला देतो, त्यात हा कोटही लावलेला असतो: पंधरा रुबल. ज्याच्या एका शब्दावर माणसं फासावर चढतात त्याच्यापुढे हा हिशेब! यादीतली प्रत्येक बाब सावकाश वाचा. सावेलिचचं सारं इमान तिच्यात आहे, आणि दिलेल्या कोटाची परतफेड हाच कादंबरीचा कणा आहे.

प्रत निवडताना दोन गोष्टी पाहा. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी लोकगीताची, म्हणीची किंवा जुन्या कवितेची ओळ असायला हवी. काही अनुवादांत ती गाळलेली असते, आणि पुढं काय येणार त्याचा सूर हरवतो. दुसरं, ‘वगळलेलं प्रकरण’ शेवटी जोडलेलं असेल तर ते शेवटीच वाचा. पुश्किननं 1836 मध्ये कादंबरी छापली तेव्हा ते घेतलं नव्हतं. त्यात ग्रिन्योवचं नाव बुलानिन आहे आणि झूरिनचं (सैन्यातल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याचं) नाव ग्रिन्योव. तेराव्यानंतर लगेच वाचलंत तर कोण कोणाला सोडवतोय तेच कळणार नाही.