काटकसरीच्या आठवणी लिहायच्या कशा: एका निवृत्त कंडक्टरची रीत

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. २०२१ साली निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात लिहायला बसलो. मुक्कामी गाडीवर असताना रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरून झालं की दोन-चार ओळी खरडायची सवय होती, तेवढीच काय ती तयारी. पहिला लेख आईवर लिहिला. त्याची सुरुवात अशी होती: ‘आम्ही अत्यंत हलाखीत दिवस काढले, पण आईने आम्हाला काही कमी पडू दिले नाही.’ पुढची चार पानं याच सुरात. दोन दिवाळी अंकांकडे पाठवला, दोन्हीकडून साभार परत. तेव्हा राग आला होता. पुढं एकदा तो लेख काढून वाचला. मी संपादक असतो तरी परतच पाठवला असता. त्यात आमची आई कुठं नव्हतीच. कुणाचीही आई त्या जागी बसवली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो, तुम्हीही पाळून बघा. ‘गरिबी’, ‘हलाखी’, ‘कष्ट’ आणि ‘संस्कार’ हे चार शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचे आणि आत एकालाही येऊ द्यायचं नाही. पहिले आठ दिवस काही सुचतच नाही. मग हळूहळू हात आठवायला लागतात. काटकसर हातानं व्हायची, म्हणून ती पाककृतीसारखी लिहायची: काय घेतलं, काय केलं, किती वाचलं.

उदाहरणार्थ, त्याच लेखातला एक तुकडा मी असा बदलला: ‘संध्याकाळी आमच्या चुलीसाठी काडी ओढायची नाही, असा नियम होता. गल्लीत ज्या घरातून आधी धूर निघेल तिथं जायचं. सोबत गोवरीचा तुकडा न्यायचा, त्यावर विस्तवाचा खडा ठेवून घ्यायचा आणि वाऱ्याकडे पाठ करून घर गाठायचं. पळालं तर खडा पडतो, रेंगाळलं तर गोवरी हातापर्यंत पेटत येते. हे काम माझं होतं. एक काडेपेटी महिनाभर पुरायची.’

हा तुकडा ज्यांनी वाचला त्यांतल्या चौघांनी मला आपापल्या घरच्या काडेपेटीची गोष्ट सांगितली. आधीच्या चार पानांवर ‘छान’ यापलीकडे कुणी काही बोललं नव्हतं.

वस्तू कोणती निवडायची? जी पुन्हा करायला सांगितली तर आजही तुमचे हात करतील ती. माझ्यासाठी ती रफ वही. परीक्षा संपली की सगळ्या वह्यांतली कोरी पानं काढायची. ओढायची नाहीत, मधली शिवण सोडवून जोडपान अख्खं काढायचं, नाहीतर त्याचा जोडीदार सुटतो आणि दोन्ही वाया जातात. रेघी, चौकटी, दुरेघी, सगळी एकत्र रचून पाट्याखाली रात्रभर दाबायची. सकाळी मधोमध दाभणानं तीन भोकं, वाकळेचा, म्हणजे गोधडीचा, दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढून दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा मध्ये आणायचा आणि गाठ आतल्या बाजूला मारायची. वर सिमेंटच्या पिशवीचा कागद खळीनं चिकटवायचा. खळीसाठी आई चमचाभरच पीठ द्यायची. पानं अशी मिसळलेली, त्यामुळे गणिताच्या मधेच दुरेघी पान यायचं आणि त्या पानावर माझे आकडे आपोआप सरळ उभे राहायचे. हे शेवटचं वाक्य मला लिहिता लिहिता आठवलं. कृती नीट क्रमानं लिहिली की असं एखादं बोनस हाताला लागतं. आठवणीच्या मागं लागून ते मिळत नाही.

कच्चा खर्डा मी अजूनही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहितो. बायको म्हणते, पेन्शन येतेय, चांगली वही आणा. आणली होती. कोऱ्या करकरीत वहीसमोर मी पुन्हा ‘अत्यंत हलाखीत’ लिहायला लागलो. म्हणून पत्रिका बऱ्या.

आता पैशांचं. नाणं लिहाल तर तपासून लिहा. एका गोष्टीत मी १९७२ साली आजोबांनी मला गेंड्याचं चित्र असलेली पावली, म्हणजे पंचवीस पैसे, दिल्याचं लिहिलं. डेपोतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोन केला: ‘मास्तर, गेंडा अठ्ठ्याऐंशीला आला.’ बरोबर होतं त्याचं. गेंड्याची स्टीलची पावली १९८८ पासूनची. बत्तीस वर्षं सुटे मोजलेला माणूस मी, आणि चुकलो सुट्ट्यातच. माझ्या लहानपणी पाच पैसे चौकोनी, तीन पैसे षटकोनी आणि दहा पैशाला कंगोरे, खिशात हात घातला की न बघता कळायचं. पावली आणि तिच्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, त्यामुळे नातवंडांना पाच पैसे म्हणजे काय ते आकारासकट सांगावं लागतं. नुसतं ‘स्वस्ताई होती’ म्हणून भागत नाही.

आम्ही माणदेशातले, त्यामुळे बहात्तरचा दुष्काळ माझ्या लिखाणात येणारच. पण वाटपातली सुकडी, मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका हे सगळं एका परिच्छेदात कोंबू नका; ते इतक्यांनी लिहिलंय की वाचणारा पुढची ओळ आधीच म्हणून दाखवतो. मी नऊ वर्षांचा होतो. आई खडीवर जायची. मी फक्त तिच्या बोटांच्या चिंध्या घेतल्या. हातोडी निसटली तर लागू नये म्हणून ती डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधायची. रात्री त्या धुऊन चुलीच्या भानोशीवर वाळत घालायची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच लागायच्या. चिंध्या नऊ होत्या, दर बोटाला तीन. दुष्काळावरचा माझा लेख सव्वा पानाचा आहे आणि त्यात दुष्काळ हा शब्द एकदाच आलाय.

आणखी एक. काटकसरीत थोडी लबाडी असते, ती झाकू नका. जत्रेला जाताना अर्धं तिकीटही वाचावं म्हणून आई माझं वय घटवायची. गाडी दिसली की दबक्या आवाजात सांगायची, ‘गुडघं वाकीव आन् गप ऱ्हा.’ पुढं मीच कंडक्टर झालो तेव्हा वाकवलेले गुडघे मला लांबून ओळखू यायचे. काही वेळा तिकीट फाडलं, काही वेळा नाही. हे लिहायला मला तीन वर्षं लागली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं; आई असती तर रोज कुठंतरी निघाली असती.

टायपिंगचं थोडक्यात: बोलून टाइप करायची सोय चांगली आहे, पण आपल्याकडचे शब्द मोबाइलला कळत नाहीत. ‘वाकळ’ म्हटलं की तो ‘वाकडं’ लिहितो. आधी कागदावर लिहा, मग एकेक ओळ मोबाइलला सांगा आणि गावाकडचे शब्द बोटानं दुरुस्त करा.

पाठवण्याआधी मात्र लेख भावंडांपैकी कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा. फोनवर नको, समोर बसून. मी विस्तवाचा तुकडा थोरल्या बहिणीला वाचून दाखवला, तो छापून यायला आठवडा उरला असताना. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘इस्तू मी आणायची. तू नुस्ता मागनं यायचास, फुंकर मारत.’ मी म्हटलं, अक्का, मला लख्ख आठवतंय. ती काही बोलली नाही, उजवा तळहात पुढं केला. करंगळीच्या खाली रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता. साठ वर्षं तो हात मी बघत आलो होतो.

संपादकांना फोन करून दोन दिवस मागून घेतले. आता त्या लेखात विस्तव अक्काच्या हातात आहे आणि मी मागं चालतोय.