बॉल जॉइंट घ्यायचाय? दुकानाआधी गाडीखाली जा

उसाच्या हंगामात पाणंदीतून ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि पाऊस लागला की त्यांच्या चाकोऱ्यांची डबकी होतात. तिथून गाडी काढताना पुढचं एक चाक वर, एक खाली. हा सगळा मार खातो तो लहान लिंबाएवढा पोलादी गोळा. चाकाची नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि सस्पेन्शनचा आर्म (चाकाला गाडीशी धरून वर-खाली होणारा दांडा) यांना जोडणारा हा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. म्हणून हा पार्ट 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलायचा नाही, आणि घाईत हाताला लागेल तोही बसवायचा नाही.

सगळ्यात आधी आपल्या गाडीला बॉल जॉइंट आहे का, ते बघा. हसू नका. जिप्सी आणि जिम्नीला पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे नकल किंगपिनच्या, म्हणजे खुंटीसारख्या पिनच्या, बेअरिंगवर फिरते, त्यामुळे हँडल थरथरत असेल तर ती बेअरिंग आणि टायरॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याची टोकं) तपासायचे. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या थारला वरचा आणि खालचा आर्म असतो, म्हणजे एका बाजूला दोन जॉइंट. पुढे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली जुनी डीआय थार यात धरू नका.

आता दोष नक्की कुठे आहे ते. सपाट जागा बघा आणि मागच्या चाकांना दगड लावा. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक खालच्या आर्मलाच, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जॅक लावून उचललंत तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट आवळलेला राहतो आणि झिजलेलासुद्धा घट्ट भासतो. बहुतेकांची चूक इथंच होते. टायर जमिनीपासून दोन-तीन इंच सुटला की खाली स्टँड द्या, टायरखाली पहार घाला आणि हळूच वर उचला. दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च धरून नकल आणि आर्म यांच्यामधल्या फटीकडे बघायला सांगा. फट उघडमीट झाली की समजायचं. किती हालचाल चालते ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

मग टायर वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. गेल्या पावसाळ्यात मी ही एवढीशी तपासणी न करता दोन नवे जॉइंट बसवले, आणि खडखड होती तिथंच. बेअरिंग गेलं होतं!

जॉइंटवरचा रबरी बूट (टोपी) फाटला असेल तर आतलं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. रांगोळीसारखी कचकच लागली म्हणजे माती आत गेली. वरून नवा बूट चढवून काही होणार नाही, जॉइंटच बदला.

आता निवड. लोक पहिल्यांदा विचारतात, कुठल्या कंपनीचा घेऊ? मी उलट विचारतो, ग्रीस गन तुमच्याकडे आहे का? ग्रीस निपल (गनने ग्रीस भरायचं तोंड) असलेला जॉइंट चिखल-पाण्याच्या वापराला चांगला, कारण ओढ्यातून गाडी काढल्यावर दोन दाब मारले की आत शिरलेलं पाणी आणि घाण बाहेर पडते. पण तो तसा सांभाळला तरच. निपल आहे आणि वर्षभर गन लागलीच नाही, त्यापेक्षा कायमचा सीलबंद जॉइंट परवडला. ग्रीस भरताना बूट जरासा फुगला की थांबा. फुग्यासारखा ताणलात तर तो तिथंच फाटेल.

गोळा ज्यात फिरतो ती आतली वाटी काहींत धातूची असते, काहींत कठीण प्लॅस्टिकची. धातूची वाटी आपटणं जास्त सोसते, पण तिला ग्रीस सतत लागतं आणि हँडल थोडं जड वाटतं. प्लॅस्टिकची गुळगुळीत चालते. रोज कागल ते कोल्हापूर आणि महिन्यातून एकदा गगनबावड्याकडे अशी गाडी असेल तर चांगल्या मेकचा सीलबंद पुरे. सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून घेतली असेल तर मात्र वेगळा विचार करा. आर्म खाली झुकतो, त्यामुळे गोळ्याची पिन जन्मापासूनच तिरकी राहते आणि चाक लोंबकळलं की वाटीच्या कडेला टेकते. अशा वेळी जास्त कोनात फिरणारा जॉइंट किंवा उंच केलेल्या गाडीसाठी बनवलेला आर्म घ्यावा लागतो. नुसता जाडजूड जॉइंट घेऊन भागत नाही.

दुकानात जाताना चॅसी नंबर, मॉडेलचं वर्ष आणि शक्यतो जुना जॉइंट बरोबर न्या. एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक पार्ट बदललेले असतात. बोल्टचा आहे की दाबून बसवायचा, भोकांमधलं अंतर, पिनचे आटे, सगळं शेजारी ठेवून जुळवा. टेपर, म्हणजे पिनचा निमुळता उतार, नजरेनं कळत नाही. पिनच्या उतारावर मार्करने उभी रेघ ओढा, पिन नकलमध्ये बसवून अर्धा वळसा फिरवा आणि काढून बघा. रेघ पूर्ण लांबीभर पुसली पाहिजे. फक्त वर किंवा फक्त खाली पुसली तर तो जॉइंट परत करा. नवा जॉइंट हाताने फिरवताना जड पण एकसारखा लागतो, मध्येच अडकत नाही की सैल सुटत नाही. कंपनीचा मूळ पार्ट महाग वाटला तर रानेसारख्या, हेच काम करणाऱ्या उत्पादकाचा घ्या. बिल मात्र सोडू नका.

आणि आपल्या गावचा एक मोह. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? आर्मचं भोक सैल झालं की कुणीतरी म्हणतंच, "भावा, वेल्डिंगचा एक टाका मारूया, हलणार नाही." वेल्डिंगच्या उष्णतेने आतली वाटी आणि ग्रीस जळतं, आणि पुढच्या वेळी तो जॉइंट काढायचा म्हणजे आर्म कापावा लागतो. भोक सैल असेल तर आर्मच बदला. तसंही बऱ्याच नव्या गाड्यांना आर्म जॉइंटसकटच मिळतो.

एका बाजूचा गेला तर दोन्ही बाजूंचे घ्या, दोघांनी सारखेच खड्डे खाल्लेत. बसवताना टेपर कोरडा, स्वच्छ पुसलेला हवा, त्याला तेल-ग्रीस नको. कॅसल नट (वर खाचा असलेला) टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलप्रमाणे आवळा. नट सुटू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा पुढे न्या, मागे कधीच सोडू नका. कॉटर पिन नवीनच घाला. मग व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि आर्मवर मार्करने तारीख व किलोमीटर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रीशी हुज्जत घालावी लागत नाही.