नवा फ्लॅट घेताय? ‘ग्रीन होम’मागचे आकडे असे तपासा

पुण्यात वाकड असो की खराडी, नव्या प्रकल्पाच्या ब्रोशरवर ‘ग्रीन होम’ छापलेलं असतंच. म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की सेल्स ऑफिसातून सोलर, झाडं आणि एलईडी दिव्यांची यादी मिळते. पण वैशाखात वरच्या मजल्यावरची बेडरूम रात्री अकरालाही का तापलेली असते, याचं उत्तर त्या यादीत नसतं. ते भिंत, काच, खिडकी आणि गच्चीच्या आकड्यांत असतं. हे आकडे बुकिंगची रक्कम भरण्याआधी मागता येतात.

पायरी १ : हिशेबाचा कागद मागा

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीने डिसेंबर २०१८मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिचा पहिला भाग इमारतीच्या बाहेरच्या कवचाबद्दल आहे आणि तो ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडांचा विचार करतो. संहिता केंद्राची असली तरी ती सक्तीची होते राज्याच्या आणि स्थानिक संस्थेच्या नियमांतून. म्हणून विचारा : परवानगीच्या अटींत ही संहिता आहे का? नसेल, तर आर्किटेक्टने स्वतःहून तिचा हिशेब केलाय का? ‘केलाय’ म्हणाले की तो कागद समोर ठेवायला सांगा. त्यावर कोणता हवामान विभाग धरलाय हे सगळ्यात आधी पाहा, कारण पुढचे गुणक आणि मर्यादा त्यावरच ठरतात.

पायरी २ : भिंत आणि काच एकत्र तपासा

इथला मुख्य आकडा आरईटीव्ही. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता, दर चौरस मीटरमागे किती वॉट, असा त्याचा ढोबळ अर्थ. थंड प्रदेश सोडले तर मर्यादा १५. तो तीन गोष्टींची बेरीज आहे : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता, आणि काचेतून थेट आत येणारं ऊन.

यात दोन संज्ञा लागतात. यू-मूल्य म्हणजे भिंत किंवा काच किती सहज उष्णता जाऊ देते. कमी तितकं चांगलं. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो. साध्या पारदर्शक काचेचा ०.८च्या आसपास. वर चज्जा असेल तर तो कमी धरता येतो.

आता उष्ण-दमट विभागाचे गुणक (भिंतीला ५.१५, काचेला १.३१, उन्हाला ६५.२१) घेऊन एक हिशेब करू. प्रत्येक भागाच्या हिश्शाला त्याचं यू-मूल्य (उन्हासाठी एसएचजीसी) आणि गुणक यांनी गुणायचं. दिशेचा गुणक सोपेपणासाठी १ धरू. बाहेरच्या भिंतीचा २० टक्के भाग काच आहे, काच साधी (यू-मूल्य ५.८) आणि चज्जा धरून एसएचजीसी ०.६.

२०० मि.मी. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची), प्लॅस्टर केलेली भिंत (यू-मूल्य साधारण ०.७६) : ३.१ + १.५ + ७.८ = सुमारे १२.५. पास.

मिवान फॉर्मवर्कची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, १६० मि.मी. आरसीसी भिंत (यू-मूल्य साधारण ३.७) : १५.२ + १.५ + ७.८ = सुमारे २४.६. इथे एकट्या भिंतीनेच मर्यादा ओलांडली.

आणि तीच एएसीची भिंत ठेवून ‘फ्लोअर टू सीलिंग’ काच लावली, म्हणजे काच ४० टक्के झाली, तर बेरीज २१वर जाते. चांगल्या ब्लॉकची कमाई काच खाऊन टाकते. मिवान वाईट असं यातून निघत नाही. बांधकाम झपाट्याने उरकतं, भिंती सरळ येतात. पण मग बाहेरून इन्सुलेशन, खोल चज्जे किंवा कमी एसएचजीसीची काच, यातलं काय केलंय हे कागदावर दिसलं पाहिजे.

काच फार गडद करून पळवाट काढता येऊ नये म्हणून व्हीएलटीची, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाची, किमान अट आहे. खिडक्या ३० टक्क्यांपर्यंत असतील तर किमान ०.२७.

पायरी ३ : खिडकी खरंच किती उघडते ते मोजा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. संहिता खिडकीचा आकार मोजत नाही, उघडणारा भाग मोजते आणि त्याला कार्पेट एरियाने भागते. उष्ण-दमट विभागात किमान १६.६६ टक्के, समशीतोष्ण विभागात १२.५ टक्के.

६५ चौ.मी.च्या टू-बीएचकेला पहिल्या अटीने १०.८ आणि दुसऱ्या अटीने ८.१ चौ.मी. उघडा भाग हवा. दोन पाल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची सुमारे ९० टक्के. थ्री-ट्रॅकमध्ये एक पाल्ला डासांच्या जाळीचा असेल, तर उघडणारा भाग निम्माच. बाहेर उघडणारी बाल्कनीची दारं मोजता येतात. पण ताब्यानंतर बाल्कनी काचेने बंद केली तर गणित तिथेच बिघडतं, आणि पुण्यात ती बंद करणारे आपणच असतो.

टेप घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये जा, प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा.

पायरी ४ : वरचा मजला घेत असाल तर गच्चीवर जा

छताच्या यू-मूल्याची मर्यादा १.२ आहे. नुसत्या १५० मि.मी. स्लॅबचं ते ३.३च्या घरात. वर आपला नेहमीचा १०० मि.मी. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घातला तरी साधारण २.३. कोबा पाणी उताराला लावण्यासाठी उत्तम, उष्णतेसाठी अपुरा. स्लॅबवर २५ मि.मी. एक्सपीएस (दाट फोमची) शीट घातली की आकडा १च्या थोडा खाली येतो.

बिघाड होतो तो कामात. शीटमध्ये फटी ठेवल्या, एक्सपीएसच्या जागी हलका थर्माकोल टाकला, किंवा मजुरांनी तुडवून कोपरे मोडले, की कागदावरचा आकडा कागदावरच राहतो. वर कोबा पडला की काहीच दिसत नाही, म्हणून शीट अंथरल्याच्या दिवशीचे फोटो मागा.

बांधून झालेल्या इमारतीत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जा. स्लॅब दुपारची उष्णता काही तास उशिरा खाली सोडतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने सर्वांत वरच्या आणि त्याच्या खालच्या मजल्याचं छत मोजा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर इन्सुलेशनबद्दल विचारा. चकचकीत पृष्ठभागावर नेम धरू नका, रीडिंग खोटं येतं.

बाकीचे शब्द

‘गृह’ (GRIHA) किंवा आयजीबीसी या संस्थांचं ‘ग्रीन’ इमारतीचं मानांकन असेल तर ‘प्री-सर्टिफाइड’ आणि अंतिम प्रमाणपत्र वेगळं असतं. पहिलं आराखड्यावर मिळतं. ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे ५० पास्कल दाबाला घरातून किती हवा गळते, ही परदेशात नेहमीची. खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घराला तिचा उपयोग कमी; चोवीस तास एसी असलेल्या घरासाठी करून घेतली तर चालेल.

पायरी ५ : करारात लिहून घ्या

ब्लॉकची जाडी, काचेचा एसएचजीसी, गच्चीच्या इन्सुलेशनची जाडी, हे तिन्ही करारनाम्याच्या स्पेसिफिकेशनच्या परिशिष्टात हवेत. ‘उत्तम दर्जाची काच’ या शब्दांवर कुठेच भांडता येत नाही. रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. पण करारात काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय बसवलं, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून ताबा घेताना, साफसफाईवाले खरवडून काढण्याआधी, खिडक्यांच्या काचांवर स्टिकर असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.