लेकराच्या संवेदना ओळखताना घर, गाव आणि चालीरीती कशा लक्षात घ्याव्यात

लग्नाच्या वरातीत हलगीचा ठेका सुरू झाला की एखादे लेकरू बेभान होऊन नाचू लागते, एखादे आईच्या पदरात तोंड खुपसून रडते, तर एखादे त्याच गोंगाटात आजीच्या मांडीवर गाढ झोपून जाते. पहिल्याला आपण हौशी म्हणतो, दुसऱ्याला भित्रे आणि तिसऱ्याला गुणी. अशी विशेषणे लावण्यापूर्वी त्या लेकराला आजवर काय ऐकायला, चाखायला आणि हाताळायला मिळाले आहे हे पाहायला हवे. ते कसे पाहावे आणि पाहिल्यावर काय करावे, हे मराठवाड्यातील पालक, अंगणवाडी सेविका आणि पहिली-दुसरीचे शिक्षक यांच्यासाठी येथे मांडले आहे.

पाच ज्ञानेंद्रिये सर्वांना ठाऊक आहेत. मुलांच्या वागण्याचा उलगडा करताना मात्र आणखी तीन जाणिवा धराव्या लागतात: आतल्या कानातून मिळणारी तोलाची व हालचालीची जाणीव, स्नायू आणि सांध्यांतून मिळणारी अवयवांच्या ठेवणीची जाणीव, आणि भूक, तहान, लघवी यांसारख्या शरीरांतर्गत गोष्टींची जाणीव. या सर्वांची मेंदूत सांगड कशी घातली जाते याचा सिद्धांत अमेरिकेतील व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार) तज्ज्ञ जीन एअर्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला. पुढे विनी डन यांनी १९९९ मध्ये पालकांनी भरायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि तिचा वापर आज अनेक देशांत होतो. तिचे मूळ निकष मात्र अमेरिकेतील मुलांवरून ठरलेले आहेत, ही बाब विसरून चालणार नाही. केस कापताना मूल त्रासते का, हा प्रश्न घ्या. आपल्याकडे जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर, देवळाच्या आवारात, ओळखी-अनोळखी माणसांच्या गराड्यात बसलेले असते, आणि वस्तऱ्याखाली ते जोरात रडले तर त्यावरून स्पर्शाच्या अतिसंवेदनशीलतेचा निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून पहिले काम वहीचे. किमान एक आठवडा, आणि त्यात आठवडी बाजाराचा दिवस येईल अशा बेताने, लेकराच्या भोवतालची नोंद ठेवावी. घराचे छत पत्र्याचे आहे, माळवदाचे की स्लॅबचे, हे लिहावे, कारण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज आणि चैत्र-वैशाखात त्याच पत्र्याखाली साठणारा उकाडा यांचा झोपेवर आणि चिडचिडीवर थेट परिणाम होतो. लेकरू कुणाजवळ झोपते, स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर, जमीन शेणाने सारवलेली आहे की फरशीची, अंगात कोणते कपडे असतात, मोबाइल किती वेळ हातात असतो, घरात मराठी बोलतात, दखनी की गोरबोली (बंजारा समाजाची बोली), हेही लिहावे. दुसऱ्या बाजूला लेकराने नेमके काय केले तेवढेच टिपावे. ‘हट्ट केला’ असे लिहू नये. ‘कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा कान झाकून अंगणात पळाले, पाच मिनिटांनी आपणहून परत आले’ असे लिहावे.

वही भरत गेली की आपण एरवी गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी दिसू लागतात. बाळंतिणीच्या खोलीत तेलाची मालिश, कोमट पाण्याची अंघोळ, मग दुपट्यात घट्ट गुंडाळणे आणि झोळीत झोके, असा जो क्रम घरातील वडीलधाऱ्या बायका पाळतात, त्यातून तान्ह्या बाळाला दाबाचा स्पर्श आणि लयबद्ध हालचाल रोज, ठरल्या वेळी मिळते. हा क्रम अवश्य टिकवावा. ओव्या-शेपाची धुरी मात्र बंद करावी, कारण कोवळ्या फुप्फुसांना कोणताही धूर घातकच असतो. तसेच नाकाकानांत तेल सोडू नये. एकत्र कुटुंबात दहा हातांवर वाढलेल्या लेकराला अनोळखी स्पर्शाचे फारसे वाटत नाही, तर संभाजीनगर किंवा लातूर शहरातील फ्लॅटमध्ये आई-वडिलांसोबतच वाढलेले तीन वर्षांचे मूल वेळ अमावस्येला शेतात नेल्यावर काळ्या मातीत पाऊल ठेवायला तयार होत नाही, आणि कडब्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून आंबील-भज्जी खाणाऱ्या भावंडांकडे कडेवरूनच पाहत राहते. त्याच्या पायांना तो स्पर्शच नवा असतो.

उलट बाजूचे उदाहरण ऊसतोड मजुरांच्या मुलांचे आहे, आणि त्यावर थोडे थांबावे लागेल. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतात. तिथे पहाटेच्या अंधारात आई-वडील फडात जातात, ट्रॅक्टरची घरघर रात्रभर चालते, मळीचा वास हवेत असतो आणि लेकराला सबंध दिवस मोकळ्या रानात हिंडता येते. सतत येणाऱ्या आणि धोका न ठरलेल्या आवाजाकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो; म्हणूनच ट्रॅक्टरशेजारी झोपणारे हे लेकरू गावी परतल्यावर शाळेच्या घंटेने किंवा बाकड्याच्या करकरीने दचकू शकते, कारण ते आवाज अचानक येतात आणि त्याच्या ओळखीचे नसतात. वर्गात ओळीत बसवल्यावर ते दर पाच मिनिटांनी उठते. त्याला मस्तीखोर ठरवण्याऐवजी शिक्षकांनी पहिले काही आठवडे त्याला फळा पुसणे, चटया उचलून रचणे, पाण्याची लहान बादली आणणे अशी अंगमेहनतीची कामे वाटून द्यावीत. स्नायूंना जोर लावणारे काम केल्यानंतर बरीच मुले अधिक स्थिर बसतात, आणि त्याला कसलाही खर्च लागत नाही.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे लेकराशी सर्वांत जास्त झटापट होते. तिखट ही खरे तर चव नाही. मिरचीतील घटक तोंडातील उष्णता व वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, आणि वारंवार सवयीने ती जाणीव बोथट होते. ज्या घरात रोज येसर आमटी आणि ठेचा असतो तिथले पाच वर्षांचे पोर जे सहज खाते, ते दुसऱ्या घरच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आणते. यात कुणी कणखर नाही आणि कुणी नाजूक नाही. नवा पदार्थ ताटात अगदी थोडा, जबरदस्ती न करता, निरनिराळ्या दिवशी आठ-दहा वेळा ठेवावा. भाकरीचा खरखरीतपणा नको असेल तर आधी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी आणि मग कुस्कर हळूहळू जाड ठेवत जावा. मोजकेच दोन-तीन पदार्थ खाणारे आणि वजन न वाढणारे लेकरू मात्र डॉक्टरांना दाखवावे. माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलाबद्दलही तसेच: ती संवेदनेची ओढ आहे असे मानण्यापूर्वी रक्तातील लोहाची कमतरता आणि जंत तपासून घ्यावेत.

सवय कुठे संपते आणि अडचण कुठे सुरू होते, हे ओळखण्यासाठी वही समोर ठेवून काही गोष्टी पडताळाव्यात. प्रतिक्रिया घरी, अंगणवाडीत आणि आजोळी, सगळीकडे सारखीच दिसते का? पूर्वसूचना दिली आणि हळूहळू ओळख करून दिली तर ती कमी होते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यामुळे झोप, जेवण, खेळ किंवा शिकणे अडते का? शहरातील ते मूल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मातीत उतरले तर प्रश्न मिटला. जे लेकरू सहा महिने रोज अंघोळीला किंचाळते, त्याचा प्रश्न सवयीने मिटेल असे समजून बसू नये.

येथे आपल्या चालीरीतींमुळे होणारी एक चूक मला फार गंभीर वाटते. शांत, एका जागी बसणारे, हाक मारली तरी चटकन न वळणारे लेकरू आपल्याकडे शहाणे ठरते, आणि मुलगी असेल तर लाजाळू म्हणून तिचे कौतुकही होते. त्यामुळे दंगा करणारा मुलगा तपासणीपर्यंत पोहोचतो आणि ज्या मुलीला ऐकू कमी येते किंवा जिची संवेदनाच मंद आहे ती मागे राहते. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे अदब मानला जातो, म्हणून नजरानजर किती होते हे पाहुण्यांसमोर नव्हे तर आई-भावंडांसोबत खेळताना पाहावे.

सणावारांना लेकराला घरी ठेवण्याची गरज नसते, तयारीची असते. जत्रेला गर्दी वाढण्याआधी सकाळी जावे. भंडारा उधळला जाईल, संबळ वाजेल, हे आदल्या दिवशी सांगावे, जमल्यास मोबाइलवर तो आवाज हळू लावून ऐकवावा, आणि नको झाले तर कुठे जाऊन बसायचे ते आधीच ठरवावे. डीजेच्या भिंतींसमोर मात्र कोणत्याही मुलाला उभे करू नये. तो सवय लावण्याचा आवाज नव्हे, त्याने कानाला कायमची इजा होऊ शकते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर साधारणतः बंदी घालणारे नियम २००० पासून लागू आहेत, त्यांचा आग्रह गावानेच धरायला हवा. ज्याला हालचालीची ओढ आहे त्याच्यासाठी पंचमीचे झोके वर्षभर बांधून ठेवावेत, आणि ज्याला चिकट स्पर्श नको वाटतो त्याला पोळ्याचे मातीचे बैल आधी काडीने, मग बोटाच्या टोकाने, मग तळव्याने करू द्यावेत.

बारा महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा चोवीस महिन्यांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसेल, अथवा येत असलेले बोलणे थांबले असेल, तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पहिली तपासणी श्रवणाची करावी. संवेदनांच्या तीव्र किंवा मंद प्रतिक्रियांचा समावेश २०१३ पासून स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदान-निकषांत आहे, परंतु अशी प्रतिक्रिया असलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला असून त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी योजना आहे. ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणींवर पुढील तपासणी व उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवू शकते. पथकाची तारीख सेविकेकडून विचारून घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी आणि कागद सोबत न्यावेत. तपासणीला जाताना वही न्यावी, रोज लेकराला सांभाळणाऱ्या आजीला किंवा मोठ्या बहिणीला सोबत घ्यावे, आणि तज्ज्ञांनी प्रश्नावली भरायला दिली तर ज्या प्रश्नातील वस्तू किंवा प्रसंग आपल्या घरात घडतच नाही, तिथे ‘कधीच नाही’ अशी खूण करण्याऐवजी ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे शेजारी लिहावे.